पुसलेली कॅसेट

भूतबाधा, अंगात येणं वगैरे निघालं की मी हसत उठून जाणारा माणूस. सायन्सचा मास्तर होतो ना मी! त्यामुळे हे लिहून राहिलो म्हटल्यावर जुने सहकारी माझीच टर उडवतील... उडवू द्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी छिंदवाडा जिल्ह्यातल्या सौसरच्या शाळेत होतो. स्थानिक इतिहास गोळा करायला सरकारी अनुदान मंजूर झालं — एक टेपरेकॉर्डर, मोजक्या कॅसेट, आणि शेवटी पुस्तिका छापायची. मोहगावच्या बौद्ध वस्तीतल्या डोमाजीबाबांना मी बोलतं केलं. जन्म शेतमजुरीत गेलेला. गावची मोठी विहीर त्यांच्या वडिलांच्या वेळच्या सात मजुरांनी खोदली. नाव लागलं मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं. वर खोदणाऱ्यांच्याच वस्तीला तिथं पाणी भरायची बंदी.

"पाच नावं सांगतो, गुरुजी. दोन आठवून नाही राहिले," बाबा म्हणाले. "पन आमचं छापा. नाही तं आमी होतोच नाही, असं होईन."

मी शब्द दिला. पुढच्याच महिन्यात बाबा वारले.

तिकडचा सरकारी कारभार हिंदीत, म्हणून रिपोर्टही हिंदीत द्यायचा होता. बाबांचं बोलणं मी हिंदीत उतरवलं, आणि कॅसेट संपल्या म्हणून त्यांचीच कॅसेट पुसून तिच्यावर मालगुजाराच्या नातवाची मुलाखत घेतली. तेव्हा सगळे तसंच करायचे — कागदावर आलं म्हणजे झालं. आज स्वतःचीच चीड येते.

तपासणीला छिंदवाड्याहून साहेब आले. भर दुपार, शाळेचं ऑफिस. रिपोर्ट चाळत म्हणाले, "ये कुएँ वाला हिस्सा हटाइए मास्टरजी. सबूत क्या है? टेप सुनाइए, नहीं तो नहीं छपेगा."

पुसली म्हणावं तर खोटारडा ठरतो. नुसता वेळ काढायला म्हणून तीच कॅसेट घातली नि बटण दाबलं.

खरखर... मग खोकला. तो खोकला मी ओळखला.

बाबा नावं सांगू लागले. पाच झाली. माझ्यासमोर ते इथंच थांबले होते. टेपवर मात्र थांबले नाहीत — "सहावा सखाराम, बोरगावचा. सातवा गोमा, लोधीखेड्याचा. आता लिवा, गुरुजी."

साहेबांनीच ती नावं रिपोर्टात लिहिली, खाली सही केली. ते गेल्यावर मी कॅसेट पुन्हा लावली. मालगुजाराच्या नातवाचा आवाज! पहिल्यापासून शेवटपर्यंत नातूच.

रेडिओ दुरुस्तीवाला म्हणाला, मशीन नीट पुसत नसेल तर जुना आवाज खाली राहतो. मानलं. पण जे बाबा बोललेच नव्हते, ते खाली कसं राहील?

पुस्तिका निघाली. काही दिवसांनी बोरगावची एक म्हातारी ती घेऊन शाळेत आली. तिला वाचता येत नव्हतं.

"सखाराम कुठी लिवलं हाय? बोट ठेवा."

मी ठेवलं. तिनं त्या जागेवरून हळूच हात फिरवला.

"माहा बाप. त्याच विहिरीत दरड पडून मेला. त्याचं नाव तुमाले कोनं सांगतलं?"

"मोहगावच्या डोमाजीबाबांनी."

कधी सांगितलं, ते तिनं विचारलं नाही.