अर्धा पेशंट परत पाठवणारे डॉक्टर

आलेल्या पेशंटला हाकलून लावण्यात आमच्या डॉक्टरांचा हात धरणारा साऱ्या लातुरात सापडणार नाही. ताठरता न येण्याचं दुखणं, ज्याला आमच्याकडे दबक्या आवाजात 'कमजोरी' म्हणतात, ते घेऊन माणूस रुमालात तोंड लपवून येतो, आणि हे चष्म्यावरून बघत विचारतात, "अर्धाच आलास? बायको कुठाय?" जोडीनं आल्याशिवाय गोळी नाही. मी त्यांच्याकडे समुपदेशक आहे. बाप डाळमिलमध्ये पोती उचलायचा, आई डाळ निवडायची. एका खोलीत आम्ही सगळे. नवरा-बायकोला आपसात दोन शब्द बोलायलाही आडोसा नव्हता. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते. डॉक्टरांचं हे जोडीचं वेड मला लवकर समजलं ते त्या एका खोलीमुळंच असेल.

त्यांच्या खोलीत जोडप्याला दोन खुर्च्या मिळत नाहीत, एक बाकडं मिळतं. दोघांच्या मध्ये पिशवी ठेवली की ते स्वतः उठून उचलतात. साखर तपासतात, गोळी देतात, लागला तर ताठरता आणणारा हातानं चालवायचा पंप देतात. पण त्याच चिठ्ठीवर लिहितात की रोज संध्याकाळी बायकोनं बोलावं, नवऱ्यानं नुसतं ऐकावं. अक्षर असं, की एका केमिस्टनं ती ओळ बघून हे औषध संपलंय म्हणून सांगितलं होतं.

हिमायतनगरकडचा एक शेतकरी थोरल्या भावाला घेऊन आला. त्यांच्यात दवाखान्याचं सगळं थोरलाच बघतो. डॉक्टर म्हणाले, "भावासंगं संसार करून राहिला का?" पुढच्या खेपेला बायको आली, भाऊ बाहेर बसला. मूल होत नाही म्हणून इतकी वर्षं सगळ्या तपासण्या तिच्याच झाल्या होत्या. दिवाळीनंतर तिला कायमचं माहेरी पाठवायचं घरात ठरलं होतं. उणं कुणात आहे हे नवऱ्याला ठाऊक होतं, पण तो गप्प होता. हे तिनं मला कोरड्या डोळ्यांनी सांगितलं.

डॉक्टरांनी पंप नवऱ्याच्या नाही, तिच्या हातात दिला. तिनं उलटसुलट करून पाहिला. "फवारणीच्या पंपापरास सोपा हाय की." नवरा पहिल्यांदा हसला. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"शरीराचं दुखणं मी बघतो. पण ही तुझ्यापायी माहेरी चाललीय, त्याला माझ्याकडं औषध न्हाई."

नवरा उठला, दार उघडून भावाला आत बोलावलं.

"दादा, तिच्यात काई न्हाई. माझ्यात हाय. तिला कुठं पाठवायचं न्हाई."

थोरला जाऊन बाकड्याच्या कडेला बसला. आमचे डॉक्टर चष्मा पुसत राहिले. सगळे गेल्यावर म्हणाले, "पोरी, अशा किती बाया गेल्या असतील गं माहेरी, कुणी न विचारता."

त्या जोडप्याचे उपचार चालू आहेत. कधी जमतं, कधी नाही. मूल अजून नाही. दिवाळी होऊन गेली. ती आपल्या घरीच आहे.