समोरच्या गॅलरीतलं ऊन

वडील गेल्यावर मी आईला गावाहून करंजाड्याला, माझ्या फ्लॅटवर आणलं. जन्मभर परसात भाजी पिकवलेली बाई; इथे येऊन ती नुसती खिडकीशी बसून राहू लागली. तिला काहीतरी काम हवं म्हणून मी पनवेलच्या मासळी बाजारातून थर्माकोलचे दोन रिकामे खोके आणले. धुऊन बुडाला भोकं पाडली, माती भरली. आईने त्यात मिरची आणि वांगी पेरली.

रोपं आली, पण आमच्या गॅलरीत ऊन म्हणून फिरकत नसे. रोपं काड्यांसारखी लांबली, पिवळी पडून कलंडली.

"इथं काय नाय व्हायचं," आई म्हणाली आणि आत जाऊन निजली.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक भाभी लहान मुलीला घेऊन राहायची. नवरा दुबईला. आमचा डबा परत द्यायला आली तेव्हा तिने ते खोके पाहिले.

"मावशी, ऊन सगळं आमच्याकडे येतं. तिकडे ठेवा की."

"तुज्या घरात माजा चिखल कशाला, पोरी?"

"पुसू ना मग!" असं म्हणून एक खोका तिने स्वतःच उचलला.

आईने पुन्हा बी पेरलं. आता ती रोज सकाळी पाणी घालायला समोर जायची आणि चहा पिऊनच परतायची. भाभीला त्रास होतो का, असं मी एकदा हळूच विचारलं. ती म्हणाली, "त्या येतात म्हणून सकाळी माझ्याशी कोणी बोलतं तरी."

मग नवऱ्याने तिला काही महिन्यांसाठी तिकडे बोलावलं. खोके परत आणावे लागणार, या विचाराने मी धास्तावले. पण भाभीने घराची किल्लीच आईच्या हातात ठेवली. "हलवू नका, फुलावर आलीत."

"आनि काय हरवलं मंजे?"

"मावशी, अल्लाच्या हवाली आणि तुमच्या."

आई रोज ते घर उघडायची, झाडायची, खिडक्या उघडून हवा खेळवायची. व्हिडिओ कॉलवर मिरच्या दाखवायला जायची आणि दुबईत दिसायचा तिचा कान. पलीकडे मायलेकी खो-खो हसायच्या.

भाभी परतली त्या दिवशी आईने तिच्यासाठी भरली वांगी केली. पुढची चार वर्षं आई खरंच सुखात जगली. त्याबद्दल आभार मानायला मी कधी तोंड उघडलं, की भाभी उठून चहा टाकते.