काखेतला ताप

उलव्याच्या फ्लॅटमध्ये आज आईच्या काखेतला थर्मामीटर वाजला. नव्याण्णव. "काखेत कमीच दाखवतो, एक मिळव गं," आई म्हणाली.

खांदेश्वरच्या घरातली लहानपणीची ती सकाळ आठवली. दादा आणि मी, दोघंही तापलेले. आईने काचेचा गार थर्मामीटर आधी त्याच्या काखेत लावला, मग माझ्या. खिडकीशी तिरका धरून पारा बघितला. दोघांचाही नव्याण्णव. दादाच्यात एक मिळवून शंभर झाला, त्याच्यावर गोधडी आली. मला म्हणाली, "तुझा नव्याण्णवच आहे. ऊठ, त्याला पेज दे."

मुलींच्या काखेत बरोबर दाखवत असेल, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले.

आज एक मिळवून "शंभर" म्हटलं. आई पुटपुटली, "दादाला नको सांगूस. उगाच टेन्शन घेईल."