आईजवळ जाऊ देणारी नोकरी

कोल्हापूरच्या स्टँडवर मला बसवून द्यायला आई पुण्याच्या एसटीत चढली आणि कंडक्टरला मोठ्यांदा म्हणाली, “पावणं, पोरगी पहिल्यांदाच चाललीया. नीट उतरवा की तिला!” अख्खी गाडी माझ्याकडं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज पुण्यात कुणी माझ्यासाठी असं ओरडलं तर मी त्याच्या पाया पडेन.

बायांनो, आपल्या गावात, गडमुडशिंगीत राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या, तुम्ही सगळ्या एकच विचारता. नर्सिंग ब्युरोचा चांगला पगार सोडून ही ट्रस्टच्या वृद्धाश्रमात कशाला गेली? खुळी हाय काय? तर ऐका.

आजारी माणसं सांभाळायला ब्युरो आम्हाला घरोघरी पाठवायचा. बंगले झकास. पण एखाद्या म्हातारीचा जरा लळा लागला की लगेच बदली. त्यात आमचा आवाज हा असा! “हळू बोला, हा बाजार नाही,” असं सुपरवायझर सारखी म्हणायची. मी कुजबुजायला शिकले. दिवसभर कुजबुजूनही घसा दुखतो, हे तिथं कळलं.

मग आबा गेले, माझे वडील. ब्युरोवाले म्हणाले, “बदली बाई मिळेपर्यंत पेशंट सोडता येणार नाही.” मी गावी पोचले ती रक्षाविसर्जनाला. आबांचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तो राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही. परतल्यावर ब्युरो सोडला.

वृद्धाश्रमात पगार कमी, पण रोज तीच माणसं. आंघोळ घालताना घड्याळ बघावं लागत नाही. निम्म्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं माझ्या आवाजाला तिथं भारी भाव. “त्या कोल्हापूरवालीला बोलवा, तिचंच कळतं,” म्हणतात एक आजी. आणि आमच्यातल्या कुणाच्या घरी काही झालं, तर बाकीच्या बाया तिचं काम वाटून घेतात. कुणी सांगावं लागत नाही.

गेल्या दिवाळीनंतर आई गोठ्यात पडली, खुबा मोडला. आश्रम चालवणाऱ्या ताई एवढंच म्हणाल्या, “तू आधी निघ. इथलं आम्ही बघतो.” गाडीत बसल्यावर मी ढसाढसा रडले. आईसाठी की त्या शब्दांसाठी, मलाच ठाऊक नाही.

ऑपरेशन होऊन आई घरी आली. तिचं अंग मी पुसायचे, कूस मी बदलायचे, वेणी मी घालायचे. म्हशीचं हंबरणं, परसातल्या चुलीचा धूर, शेजारणीची भिंतीवरनं हाक. इतकी वर्षं ह्याच्यासाठीच तर जीव तुटत होता! वहिनी म्हणाली, “ऱ्हावा की वन्सं, घर तुमचंच हाय.” माझ्याही मनात तेच होतं. आता नाही जायचं.

एके दुपारी आईनं विचारलं, “तिथलं तुझं काम कोण करतंय?”

म्हटलं, “संगतीच्या बाया. आपलं करून माझंबी करत्यात.”

आई माझा हात बाजूला सारत म्हणाली, “मग जा आता. त्यांच्याबी आया असतील की कुठंतरी.”

मी निघाले. पाय उचलत नव्हता, तरी निघाले. घर म्हटलं की आजही गडमुडशिंगीच डोळ्यांसमोर येतं, दुसरं काही येत नाही. पण परवा आमच्या आश्रमातली सुमन तिच्या आईला भेटायला सोलापूरला गेली, आणि तिच्या वाट्याच्या आज्यांना मी न्हाऊ घातलं.