जुन्या साडीचा पट्टा

ठाण्यात नौपाड्यातल्या परचुऱ्यांच्या घरी बाहेर पडताना किल्ली घेतली का, असं कुणी विचारत नसे. सुधीर दारात चपला चढवता चढवता विचारायचा, "बांधलं का?" हेमा आतून म्हणायची, "बांधलं." मगच लिफ्टचं बटण दाबलं जायचं.

बांधायचं ते क्षिप्राला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला. जन्मापासून तिला कमरेखाली ना बळ, ना स्पर्श. शाळेत असताना एकदा ती चाकाच्या खुर्चीतून तोंडावर कोसळली आणि ओठ फाटला. त्या संध्याकाळी हेमाने स्वतःची एक मऊ सुती साडी फाडली, पदरावर पदर घालून पट्टा शिवला आणि लेकीला खुर्चीला बांधलं. विकतचे पट्टे काचतात, आणि क्षिप्राला काचलेलं कळत नाही. कळतं ते जखम चिघळल्यावर. म्हणून जुनी साडीच हवी. एक विरली की दुसरी. कॉलेजच्या निरोप समारंभाला नेसलेली, पहिल्या पगाराची, माहेरून आलेली, अशा एकेक करून हेमाच्या सगळ्या सुती साड्या क्षिप्राच्या कमरेला लागल्या. बँकेतली नोकरीही त्याच वाटेने गेली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. कुणी विचारलंही नाही.

क्षिप्रा मोठी झाली, घरबसल्या कॉम्प्युटरवर काम करू लागली, आणि एक दिवस तिनेच मोबाइलवर ते शोधून काढलं. शीळफाट्याच्या अलीकडे, एका गावच्या तलावावर, दर रविवारी सकाळी अपंगांना कनू चालवायला शिकवतात. कनू म्हणजे अरुंद, लांबट होडी, एकाच वल्ह्याने दोन्ही बाजूंना पाणी मारत चालवायची. शिकवणारी योगिनी डोंबिवलीची, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. तिने होड्यांना उंच पाठीच्या खुर्च्या बसवल्या होत्या. होड्या ठेवायच्या गावातल्या देवरामच्या गोठ्यात. देवराम त्या तलावात पोहतच म्हातारा झालेला, आणि सगळ्यांची थट्टा करण्याचा परवाना आपल्याला जन्मतःच मिळाला आहे असं समजणारा.

पहिल्याच दिवशी हेमाने पिशवीतून पट्टा काढला आणि योगिनीने तो तिच्या हातातून घेऊन परत पिशवीत ठेवला.

"काकू, इथे कुणाला बांधायचं नाही. हा एकच नियम आहे."

"अगं, पण ती आधाराशिवाय बसूच शकत नाही."

"बसेल. पडली तर पडेल. पाणी आहे, फरशी नाही. होडी उलटली तर अंगातलं लाइफ जॅकेट माणसाला वर आणतं. बांधलेल्या माणसाला नाही आणत."

देवराम होडी ओढत होता, तो म्हणाला, "ताई, आमी बैलाला पन पान्यात नेताना दावं सोडतो."

क्षिप्रा खो खो हसली. हेमाला ते हसू बोचलं.

पण पोरगी खरंच बसली. आधी डुगडुगत, मग ताठ. चाकं ढकलून ढकलून तिच्या खांद्यांत जोर होताच. पावसाळ्यानंतर सुरू केलं आणि थंडीत ती योगिनीला मागे बसवून तलावाला फेऱ्या मारू लागली. राहिलं होतं ते एकटीने जाणं. त्याआधी एक चाचणी असे: छातीभर पाण्यात होडी मुद्दाम उलटी पाडायची आणि आपलं आपण बाहेर यायचं. ते जमलं की पलीकडच्या काठापर्यंत एकटं.

"आई, मी आयुष्यात कुठेच एकटी गेलेली नाहीये," क्षिप्रा जेवताना म्हणाली. "बाथरूममध्येसुद्धा तू असतेस. मी त्या काठाला जाणार आणि परत येणार. तू इकडे बसून पोहे खा."

"पोहे गारढोण होतील तू येईपर्यंत," सुधीर म्हणाला. दोघं हसले. हेमा ताटं उचलायला लागली.

हेमा अडाणी नव्हती. योगिनीचं म्हणणं तिला नीट समजलं होतं, डोक्याला पटलंही होतं. पण डोळे मिटले की तिला एकच दिसायचं: क्षिप्रा हळूच एका बाजूला कलतेय, आणि धरायला कुणी नाही. चाचणी पुढच्या रविवारी ठरली होती. या रविवारी नुसत्याच फेऱ्या, तेही पहिल्यांदाच मागे कुणी न बसता. योगिनी शेजारून दुसऱ्या होडीतून. एवढा एकच रविवार, हेमाने मनाशी म्हटलं. चाचणीला नाही बांधणार.

क्षिप्राला होडीत बसवण्याचं काम हेमाचंच होतं. ऊन लागू नये म्हणून मांडीवर टॉवेल टाकायचं कामही तिचंच. त्या टॉवेलखालून तिने आकाशी, पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा नेला, मांड्यांवरून, खुर्चीच्या पाठीमागे, आणि गाठ मारली. कमरेच्या वर बांधला असता तर क्षिप्राला कळलं असतं.

दोन फेऱ्या सुंदर झाल्या. क्षिप्रा लाल झालेला चेहरा घेऊन काठाजवळ आली तेव्हा योगिनी पाण्यात उतरली.

"वारा पडलाय. आज हात चांगला बसलाय तुझा. उलटी पाडूया का आजच?"

"पाडूया," क्षिप्रा म्हणाली.

हेमाला कुणी विचारलं नाही. चोवीस वर्षांच्या मुलीच्या आईला का विचारायचं? देवराम दुसऱ्या बाजूने पाण्यात शिरला. हेमाच्या शेजारी कल्याणहून येणाऱ्या वैशालीताई उभ्या होत्या. त्यांची मुलगी जागृती डोळ्यांनी अधू, तिचा नंबर नंतरचा. त्या म्हणत होत्या, "धीराची आहे हो तुमची." हेमाच्या तोंडात शब्द आले होते: थांबा, बांधलंय. पण मग सगळ्यांदेखत टॉवेल उचलला गेला असता, आणि क्षिप्राने तिच्याकडे पाहिलं असतं. सुती गाठ आहे, ओली झाली की निसटेल, असं तिने त्या क्षणी स्वतःला सांगितलं. हेमाची गाठ कधी निसटली नव्हती. हेमा ओरडली तेव्हा होडीचं बूड वर आलं होतं.

क्षिप्रा वर येईना. योगिनीने पाण्याखाली हात घालून तिला ओढलं, ती हलेना. मग दोघांनी मिळून होडीच सरळ केली, तेव्हा होडीबरोबर ती वर आली, तोंडावर केस चिकटलेले, पाणी ओकत. टॉवेल पाण्यात गेला होता; देवरामच्या हाताला मांड्यांवरचा पट्टा लागला.

"हिला बांधलाय कुनी?" तो म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. त्याने कमरेचा सुरा काढून पट्टा कापला.

काठावर आणल्यावर क्षिप्राने तो ठिपक्यांचा तुकडा हातात घेऊन पाहिला.

"मी सगळं बरोबर केलं," ती योगिनीला म्हणाली. "वल्हं सोडलं, मान खाली घातली, हातांनी ढकललं. मला वाटलं, मलाच जमत नाहीये." मग आईकडे वळली. "मला कळत नाही तिथे बांधलंस तू."

हेमा तिचे केस पुसायला पुढे झाली. क्षिप्राने मान फिरवली.

गावात बातमी पोचली ती पोरगी बुडाल्याची. पट्ट्याची गोष्ट ऐकायला कुणी थांबलं नाही. गावच्या कमिटीने तलाव बंद केला. देवराम दोन संध्याकाळी भांडला आणि गप्प बसला. होड्या गोठ्यातच पडून राहिल्या. वैशालीताईंचा फोन आला. "तुमची निदान दोन फेऱ्या एकटी मारून आली," त्या म्हणाल्या. "माझ्या जागृतीने काय करायचं ते सांगा."

योगिनी तेवढी म्हणाली, "काकू, मी तुमच्यावर रागावलेली नाही." त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आता क्षिप्राच्या अंघोळीला एक बाई येते. डॉक्टरांना दात दाखवायला जायचं होतं त्या सकाळी हेमा सवयीने पट्टा घेऊन गेली. क्षिप्राने हात पुढे केला, पट्टा घेतला आणि स्वतःच बांधला, गाठ पुढे, पोटावर, आपल्याला सोडता येईल अशी. गाठ ढिली होती. साधी, पहिल्याच धक्क्याला सुटेल अशी. हेमाला ती दिसत होती.

दारात सुधीर चपला चढवत होता. "बांधलं का?" त्याने विचारलं.

हेमाने गाठीकडे गेलेला हात मागे घेतला.

"बांधलं," क्षिप्रा म्हणाली, आणि चाकं ढकलत पुढे झाली.