श्रीशैलचं खटक्याचं पायडल

धारूरच्या बाजारात गुरुपादअप्पांचं सायकलचं दुकान होतं आणि त्या दुकानाचा एक शिरस्ता होता. दुरुस्त झालेली सायकल चालवून बघायला गिऱ्हाईक टांग मारू लागलं, की अप्पा आतून ओरडत, "पायताण काढा आधी! लक्ष्मी हाय ती." मग तहसीलचा कारकून असो की दूधवाला, पायरीवर चपला सोडून अनवाणी पायांनी बाजाराला एक चक्कर मारून येई. लोक हसत, पण काढत.

श्रीशैल हा अप्पांचा एकुलता मुलगा. कपाळावर भस्माची तीन बोटं, गळ्यात लिंग, हात सदा ग्रीसने काळे. आमची नाटक कंपनी बुडाल्यावर मी धारूरला बहिणीच्या घरी येऊन राहिलो, तेव्हा तो विशीचा असेल. गावात सगळे मला मास्तर म्हणत. कामाधामाचा माणूस मी नव्हतोच. सकाळी दाढी करायची, स्वच्छ धोतर नेसायचं आणि अप्पांच्या दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसायचं. रंगमंचावर मी अनेक राजपुत्र पाहिले, दोनचार स्वतःही झालो. पण पहाटे घाट चढून आलेला, घामाने न्हालेला श्रीशैल बाजारात शिरताना दिसला, की वाटायचं, आम्ही सगळे नुसते जरीचे अंगरखे होतो. राजपुत्र हा.

अर्थात तोही अनवाणीच चालवायचा. बापाच्या दुकानचा नियम तो कसा मोडणार? जुनी रेसिंग सायकल त्याने तुकड्यातुकड्यांनी जमवली होती, पायडलला चामडी पट्टे लावले होते, आणि त्यात उघडे पाय खुपसून तो जिल्ह्यातल्या सगळ्या शर्यती मारत असे.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. दिवाळीनंतर होणारी माजलगाव ते अंबाजोगाई शर्यत दसऱ्याच्या बरीच आधी जाहीर झाली. पहिले तीन राज्याच्या संघात जाणार होते. वयाची अट तेविसाची, आणि श्रीशैल जानेवारीत ती ओलांडणार होता. म्हणजे ही शेवटची संधी. आणि पत्रकात खाली एक ओळ होती: अनवाणी स्पर्धकास उतरता येणार नाही.

अंबाजोगाईच्या एका क्रीडाशिक्षकांनी त्याला पुण्याच्या दुकानाचं रंगीत पत्रक दिलं होतं. त्या काळात बाहेरचा माल नुकताच येऊ लागला होता. त्यात पट्टे नसलेलं पायडल होतं. बुटाच्या तळव्याला लोखंडी पट्टी बसवायची, ती पायडलवर दाबली की खट्‌ करून अडकते. टाच बाहेर वळवली की सुटते. आम्ही त्याला खटक्याचं पायडल म्हणू लागलो.

पत्रकात दोन तऱ्हा होत्या. एकीत पट्टी तळव्याबाहेर आलेली, पकड घट्ट, पण उतरल्यावर माणूस बदकासारखा चालणार. दुसरीत पट्टी रबरात दडलेली. श्रीशैल चार दिवस ते पान घेऊन फिरला.

"मास्तर, वाटंत पंक्चर झालं तर पळावं लागतं. दडलेलीच घेतो. चालता तरी येतं."

"घे. पण अप्पांचं काय?"

त्याने पानाची घडी घातली. मग म्हणाला, "तुमी बोला ना. तुमचं ऐकतेत ते."

मी बोललो. आयुष्यात इतकं मन लावून भाषण क्वचित केलं असेल. म्हणालो, "अप्पा, आम्हीही रंगमंचावर चप्पल घालून पाऊल टाकत नसू. पण राजाची मोजडी आधी नटेश्वरापुढे ठेवायची, फूल वाहायचं, आणि मग तीच घालून त्याच फळ्यांवर चालायचं. पूजा झाली की ते पायताण उरत नाही, सोंगाचा भाग होतं. तसे हे बूट सायकलीचा भाग आहेत."

अप्पांनी विडी विझवली. "लई गोड बोलता राव तुमी. बरं. खंडेनवमीला पान्यांसंगं पूजा लावतो. पन पूजेआधी पाय घालायचा न्हाई, सांगून ठेव त्याला."

मापासाठी दुकानाने पायाचा नकाशा मागवला होता. श्रीशैल स्टुलावर बसला, पायाखाली वही ठेवली, आणि माझ्या पेटीतल्या भुवया रंगवायच्या पेन्सिलीने मी त्याच्या तळव्याभोवती रेघ ओढली. "गुदगुल्या होतेत मास्तर," म्हणत तो हसत होता. मला कुणी सांगितलं नव्हतं, की माप उभ्या माणसाचं घ्यायचं असतं. जन्मभर अनवाणी वावरलेला पाय अंगाचा भार पडला की पसरतो. मी बसलेल्या पायाचं माप पाठवलं.

खोकं नवमीच्या आदल्या दिवशी आलं. आत चिठ्ठी होती: माप न जमल्यास आठ दिवसांत बदलून मिळेल. दुसऱ्या दिवशी पाने, पंप, हातोड्या मांडल्या, मधोमध ते काळे बूट आणि चकचकीत पायडलं. अप्पांनी सगळ्यांना भस्म लावलं, बुटांवर झेंडूची फुलं ठेवली. आरती झाली आणि श्रीशैलने पाय घातला.

"बसतात का रे?" मी विचारलं.

"बसतेत की," तो म्हणाला. चेहरा बापाकडे होता, म्हणून मला दिसला नाही.

शर्यतीच्या दिवशी मी आणि अप्पा धारूरच्या घाटात वरच्या वळणावर उभे होतो. आयुष्यात पहिल्यांदाच अप्पांनी दुकान बंद ठेवलं होतं. खालून पहिला आला तो गेवराईचा भारत नावाचा सडपातळ पोरगा, त्याच्या मागे श्रीशैल, आणि बाकीचे पार खाली. अप्पा ओरडले, "चल रं माझ्या वाघा!"

तेवढ्यात वरून ऊसतोड्यांनी भरलेला ट्रक वळणावर आला. भारत कडेने निसटला. श्रीशैलला थांबावं लागलं. नुसतं टाच वळवून एक पाय खाली टेकवायचा होता. पण पाय सुटला नाही. चढावर निसटू नये म्हणून त्याने खटक्याचा स्क्रू आवळून ठेवला होता, आणि पावलं कधीच बधिर झाली होती. सायकल उभी राहिली, झुकली आणि कठड्याच्या दगडावर आडवी झाली. पाऊल पायडलमध्येच अडकलेलं, गुडघा मात्र फिरला.

मी रंगमंचावर शेकडो वेळा पडलो आहे. पडणंसुद्धा शिकावं लागतं. त्याच्या गुडघ्याच्या त्या आवाजाने माझे कान अजून भरतात.

ट्रकमधल्या बाया पाणी घेऊन धावल्या. अप्पांनी मुलाचं डोकं माझ्या मांडीवर दिलं आणि बूट ओढून काढले. मोजे रक्ताने चिकटले होते. अंगठ्यांची नखं काळी पडली होती, करंगळ्या सोलल्या होत्या. एका दिवसाची ती जखम नव्हती, महिनाभराची होती.

"कावून सांगितलं न्हाई रे?" अप्पा बूट हातात धरून म्हणाले. "बदलून आनले असते."

"पूजा झालती, अप्पा," श्रीशैल म्हणाला.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात तीन आठवडे गेले. गुडघा वाचला, पण पुरता वाकेना. डॉक्टरांनी शर्यतीचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. व्हरांड्यात मी अप्पांना म्हणालो, "माप मी चुकवलं. तुम्हालाही मीच पटवलं." त्यांनी मान हलवली. "तुमी न्हाई मास्तर. बदलून आना म्हनलं तर मी काय म्हनलो असतो, त्ये त्याला ठाव होतं. बराबर ठाव होतं."

पौषात भारत दुकानात आला. राज्याच्या संघात त्याची निवड झाली होती, सराव पुण्याला होता. पायरीवर चपला काढून तो श्रीशैलसमोर उभा राहिला.

"दादा, म्हनायला तोंड न्हाई मला. पन पुन्याला सगळ्यांची खटक्याची पायडलं हायेत म्हनतेत."

श्रीशैलने अप्पांकडे पाहिलं नाही. स्टुलावर एक पाय ताठ पसरून त्याने पायडलं स्वतः भारतच्या सायकलीला चढवली, खटक्याचा स्क्रू बराच सैल केला. बूट दिले. भारतच्या बारीक पायांना ते नीट आले. तो पाया पडू लागला, तर श्रीशैल म्हणाला, "जा बे, घाट उन्हाचा चढू नको."

तो दूर गेल्यावर श्रीशैल एकदम अस्वस्थ झाला. "मास्तर, त्याचं शीट दोन बोटं खाली हाय. गुडघं जातेल त्याचे. सांगायचं राह्यलं." तो स्टुलाला धरून उठू लागला आणि पुन्हा बसला.

अप्पांनी हातातलं काम टाकलं. पायांत चपलाही न घालता ते रस्त्यावर उतरले आणि सत्तरीचा तो माणूस धोतर सावरत धावत सुटला. "ये बाबा! थांब, थांब रं!" वेशीजवळ भारतने सायकल थांबवली. इथून शब्द ऐकू येत नव्हते. अप्पा वाकून शिटाखालच्या नळीवर दोन बोटं ठेवून दाखवत होते, आणि समजलं का म्हणून पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडाकडे बघत होते.

श्रीशैल दारातून ते पाहत होता. पाना धरलेला हात त्याने मांडीवर तसाच ठेवला होता.