चिमटेमामांचे अकरा मोडके पाय

दवाखान्यातल्या कंपाउंडरला सगळे चिमटेमामा म्हणायचे. कुणी लंगडत आलं की मामा आपला चिमट्यासारखा दोन दातांचा पोलादी नादकाटा बुटाच्या रबरी टाचेवर आपटायचे, घोट्याच्या हाडावर टेकवायचे आणि गुडघ्याखाली स्टेथोस्कोप लावून डोळे मिटायचे. हाड अखंड असेल तर नाद खणखणीत वर येतो, तडा असेल तर वाटेतच दबतो. मग दुसरा पायही ऐकून ताडून बघायचं, असा नियम. पण तीस वर्षं मुरलेले मामा कसला नियम पाळतायत! एकच पाय ऐकायचा आणि निकाल ठोकायचा, "मोडलंय!"

अलीकडे तर सगळ्यांचंच मोडायला लागलं. आठवड्यात अकरा जण एक्स-रेला पाठवले, अकराही धडधाकट. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. "मामा, आणखी एक चुकला तर काटा कपाटात आणि तुम्ही केसपेपर लिहायला." मामांनी काटा आणि स्टेथोस्कोप पिशवीत घातले. काट्याशिवाय त्यांना विचारतंय कोण?

घरी आले तर बायको स्टुलावरून घसरून जमिनीवर बसलेली. "अहो, काही नाही झालं," ती म्हणाली. ऐकतो कोण! मामांनी काटा लावला. नाद नाही. घाबरून कित्येक वर्षांनी दुसरा पाय ऐकला. तोही गप्प!

"अगं, दोन्ही पाय मोडले तुझे!" म्हणत मामांना रडूच फुटलं.

बायको उठली, तरातरा चालत गेली आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. मामा घटाघटा प्यायले. मग रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे.

तिने काटा आपटून त्यांच्या कानासमोर धरला. "येतंय ऐकू?"

"आधी वाजव तरी!"

तिने तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला. मामा ताडकन उडाले. "खणखणीत!"

"हाडं सगळ्यांची शाबूत आहेत हो. कान तुंबलेत तुमचे!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पिचकारी मारून दोन्ही कानांतून शेंगदाण्याएवढा मळ काढला आणि बजावलं, "यापुढे दोन्ही पाय ऐकायचे." मामा धावत घरी आले. बायकोचे दोन्ही पाय ऐकले. काय तो नाद! "शाबूत आहेस गं!"

"हो, पण गुडघा दुखतोय," ती पुटपुटली. "सहा महिने रोज सांगतेय."

मामांनी स्टेथोस्कोप कानांतून काढला आणि तिच्याजवळ खालीच बसले.

"कुठला गं, डावा की उजवा?"